पूर्ण भूल, अर्धी भूल: प्रोस्टेटच्या कर्करोगातील भूलशास्त्र

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी शिकागोतील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले, की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो आणि ती संप्रेरके तयार करणारी दोन्ही वृषणे काढून टाकली, तर हाडांपर्यंत पसरलेला रोगही बराच काळ मागे हटतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता; पण हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवून देणारी ती शस्त्रक्रिया भारतातील रुग्णालयांत आजही होते, कारण दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावी लागणारी संप्रेरकरोधक इंजेक्शने वर्षानुवर्षे परवडणे अनेक कुटुंबांना अवघड जाते, आणि ही शस्त्रक्रिया मात्र एकदाच करावी लागते. भूलशास्त्राच्या दृष्टीने प्रोस्टेटच्या कर्करोगातील ही सर्वांत हलकी शस्त्रक्रिया आहे. वृषणांना रक्त आणि संवेदना पुरवणारी दोरीसारखी जी जुडी जांघेतून खाली उतरते, तिच्याभोवती आणि कातडीखाली लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध टोचले, की रुग्ण जागा असताना अर्ध्यापाऊण तासात काम आटोपते. नुसती कातडी बधिर करून मात्र भागत नाही. वृषण हे गर्भावस्थेत पोटात तयार होऊन खाली उतरलेले इंद्रिय असल्यामुळे त्याचे काही चेतातंतू पोटाच्या पातळीवरच्या मज्जारज्जूशी जोडलेले राहतात, आणि जुडी बधिर न करता ती ओढली, तर रुग्णाला कळ जांघेत न येता बेंबीजवळ येते.

याच रोगाच्या दुसऱ्या टोकाला यंत्रमानवाच्या साहाय्याने संपूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे, जिच्यात रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करून, श्वासनलिकेत नळी घालून, डोके खाली आणि पाय वर अशा तिरक्या अवस्थेत तीन-चार तास ठेवावे लागते. रोग एक आणि ग्रंथीही तीच, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली, तरुणपणी जेमतेम वीस ग्रॅम वजनाची. तरीही भूल देण्याच्या पद्धतीत एवढा फरक पडतो. ऑपरेशन ठरले, की रुग्णाचे नातेवाईक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो ‘पूर्ण भूल की अर्धी?’ हाच. अर्धी म्हणजे कमी धोक्याची आणि पूर्ण म्हणजे जास्त धोक्याची, असा हिशेब त्यामागे असतो. या हिशेबात तथ्य थोडे आणि गैरसमज अधिक आहे, कारण या शस्त्रक्रियांतील खरे धोके भुलीच्या औषधांतून जितके येतात, त्याहून अधिक ते रुग्णाला निजवण्याच्या पद्धतीतून, शरीरात सोडलेल्या पाण्यातून आणि वायूतून, आणि साठी-सत्तरी उलटलेल्या शरीराने आयुष्यभर जे साठवलेले असते त्यातून येतात.

रोगाच्या निदानापासूनच भुलीचा संबंध सुरू होतो. रक्तातील पीएसए या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसले किंवा तपासणीत ग्रंथी कडक लागली, तर सोनोग्राफीच्या साहाय्याने ग्रंथीतून सुईने साधारण बारा बारीक तुकडे घेतले जातात, ज्याला बायोप्सी म्हणतात. पूर्वी हे काम अनेक ठिकाणी भूल न देताच उरकले जाई आणि रुग्णाने ते सोसावे अशी अपेक्षा असे. १९९०च्या दशकात ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना, वीर्यकोश जिथे ग्रंथीला मिळतात त्या खाचेत, चेतातंतूंच्या जुडीभोवती लिग्नोकेन टोचण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि बायोप्सीतल्या वेदनेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. सुई गुदाशयातून न घालता गुदद्वार आणि वृषणकोश यांच्यामधल्या कातडीतून घातली, तर जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, पण ती कातडी फार संवेदनशील असल्यामुळे बधिर करण्याचे काम तिथे अधिक नेटाने करावे लागते.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला भूलतज्ज्ञाकडे पाठवले जाते. बोलीत याला ‘फिटनेस घेणे’ म्हणतात. हा शब्द जरा फसवा आहे, कारण भूलतज्ज्ञ शिक्का मारायला बसलेला नसतो, तर रुग्णाचे शरीर कोणता ताण सोसेल आणि कोणता नाही, हे तो ठरवत असतो. लालबाग-परळ-शिवडीच्या गिरणगावातील रुग्णांच्या बाबतीत या तपासणीला एक स्थानिक पैलू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा साच्यावर किंवा कताई खात्यात काम करणारे जे कामगार पंचविशी-तिशीत होते, ते आता सत्तरीच्या आसपास आहेत, म्हणजे नेमके प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या वयात. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार होतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती जड होणे आणि धाप लागणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण. त्यात विडी किंवा सिगारेटची भर पडली असेल, तर फुप्फुसाची राखीव ताकद पुष्कळ घटलेली असते, जरी बसल्याजागी रुग्णाला काहीच त्रास जाणवत नसला तरी. ही ताकद अजमावण्यासाठी फुंकर मारण्याच्या यंत्रावरची चाचणी आहेच, पण त्याआधीचा प्रश्न साधा असतो: न थांबता किती जिने चढता? दोन मजले धाप न लागता चढणाऱ्या माणसाचे हृदय आणि फुप्फुस मोठ्या शस्त्रक्रियेचा ताण बहुधा निभावून नेते, असा भूलशास्त्रातला जुना ठोकताळा आहे, आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आयुष्य गेलेल्या माणसाकडून त्याचे उत्तर अचूक मिळते. लिफ्टच्या इमारतीत राहायला गेलेल्यांकडून ते तितकेसे मिळत नाही.

याखेरीज औषधांची पिशवी उघडून पाहावी लागते. अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण क्लोपिडोग्रेल घेत असेल, तर पाठीच्या कण्यात सुई घालण्याआधी ते औषध पाच ते सात दिवस बंद असावे लागते, नाही तर कण्याच्या पोकळीत रक्त साकळून पाय लुळे पडण्याची भीती असते. ते बंद करावे की नाही, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावा लागतो, रुग्णाने स्वतःहून नव्हे. कर्करोगाच्या औषधांचाही वाटा असतो. ॲबिरॅटेरोन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम उतरलेले आणि रक्तदाब चढलेला असू शकतो, आणि त्याच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनमुळे शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची सवय मोडलेली असते, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी ते वरून पुरवावे लागते. एन्झाल्युटामाइड घेणाऱ्याला आकडी येण्याची शक्यता थोडी वाढलेली असल्यामुळे वेदनेसाठी ट्रॅमाडोल देणे टाळले जाते. संप्रेरके दीर्घकाळ दाबून ठेवलेल्या पुरुषाची हाडे ठिसूळ, स्नायू रोडावलेले आणि हिमोग्लोबिन कमी असते. अशा रुग्णाचे पाय शस्त्रक्रियेसाठी उचलून आधारावर ठेवतानासुद्धा हलक्या हाताने ठेवावे लागतात.

आता ‘अर्धी भूल’. मराठी घरांत जिला कमरेतले इंजेक्शन म्हणतात, ती भूल जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून प्रथम दिली. तत्त्व असे, की प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली केवळ चेतातंतूंचा झुबका पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांच्या मधल्या फटीतून बारीक सुई आत घातली, तर रज्जूला इजा न होता औषध त्या द्रवात मिसळते आणि काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो. ऑपरेशन थिएटरमध्ये ‘हेवी’ म्हणून ओळखले जाणारे ब्युपिव्हॅकेन ग्लुकोजमुळे त्या द्रवापेक्षा जड केलेले असते, त्यामुळे टेबल कोणत्या बाजूला किती कलते ठेवले, यावर औषध कुठपर्यंत चढणार हे अवलंबून असते. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी काल्पनिक रेषा चौथ्या मणक्यावरून जाते, आणि भूलतज्ज्ञ बोटांनी तीच चाचपत जागा निश्चित करतो. वय झालेल्या माणसाच्या मणक्यांमधले बंध चुन्याने कडक झालेले असतात. मधून सुई शिरत नाही, तेव्हा ती बाजूने तिरकी न्यावी लागते.

प्रोस्टेटच्या कर्करोगात मात्र या जागेबद्दल एक वेगळी सावधगिरी लागते, आणि ती इतर रोगांत सहसा लागत नाही. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिले, की ओटीपोटातील नीला आणि कण्याभोवतीचे नीलांचे जाळे एकमेकांशी जोडलेले असून त्यात झडपा नसतात, त्यामुळे खोकताना किंवा कुंथताना पोटातला दाब वाढला, की रक्त उलटे कण्याकडे जाऊ शकते. प्रोस्टेटचा कर्करोग कमरेच्या मणक्यांत इतक्या वेळा का पोचतो, याचे एक स्पष्टीकरण या जाळ्यात सापडते. याचा अर्थ असा, की भूलतज्ज्ञाची सुई जिथे जायची, तिथेच हा रोग घर करतो. मणक्याच्या हाडात डाग असणे एवढ्यावरून ही भूल नाकारली जात नाही. पण गाठ हाडाबाहेर येऊन कण्याच्या पोकळीत शिरली असेल किंवा रज्जूवर दाब असेल, तर तिथे सुई घालणे धोक्याचे ठरते. म्हणून पसरलेल्या रोगाच्या रुग्णाच्या पाठदुखीची आणि पायांतील ताकदीची विचारपूस भूलतज्ज्ञ करतो, आणि हाडांचा स्कॅन किंवा एमआरआय झालेला असेल, तर अहवालापाशी न थांबता चित्रेही पाहतो. ‘अर्धी भूल सुरक्षित’ हा सरसकट समज इथे सपशेल उलटा पडतो.

जिथे अर्धी भूल खरोखर श्रेष्ठ ठरते, अशी शस्त्रक्रिया म्हणजे दुर्बिणीने मूत्रमार्गातून ग्रंथी तासून काढणे. कर्करोगात ती रोग बरा करण्यासाठी केली जात नाही. वाढलेल्या गाठीने लघवी तुंबली असेल, तर वाट मोकळी करण्यापुरतीच तिची मर्यादा असते. विजेच्या तारेने ग्रंथीचे काप काढताना समोरचे स्पष्ट दिसावे म्हणून सतत पाणी सोडावे लागते, आणि एकपदरी विजेची जुनी पद्धत असेल, तर ते मिठाचे पाणी असून चालत नाही, कारण मिठामुळे वीज पसरते. म्हणून दीड टक्का ग्लायसिन या अमिनो आम्लाचे द्रावण वापरले जाते. ग्रंथीच्या कापलेल्या नीलांची तोंडे उघडी पडली, की हे द्रावण मिनिटाला दहा ते तीस मिलीलीटर या वेगाने रक्तात ओढले जाते, आणि तासाभरात रक्त इतके पातळ होऊ शकते, की १३५ ते १४५ असायला हवे ते सोडियम १२०च्या खाली उतरते. मेंदूला सूज येते, रुग्ण गोंधळतो, त्याला आकडी येते, हृदयावर ताण पडतो. ग्लायसिन स्वतःच डोळ्याच्या पडद्यावरील संदेश दाबत असल्यामुळे काही रुग्णांना तात्पुरते दिसेनासेही होते. पूर्ण बेशुद्ध रुग्णात यातले काहीच वेळेवर कळत नाही. कमरेतल्या इंजेक्शनावर असलेला रुग्ण मात्र जागा असतो, आणि पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला बसलेला भूलतज्ज्ञ त्याच्याशी गप्पा मारत असतो: काका, मूळ गाव कुठले, मुले काय करतात, गणपतीत गावाला जाता की इथेच असता. बाहेरच्याला हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटेल. वास्तविक ती मेंदूची चालू तपासणी असते. आतापर्यंत नीट उत्तरे देणारा माणूस अकारण चुळबुळू लागला, जांभया देऊ लागला किंवा तेच तेच बोलू लागला, तर शल्यचिकित्सकाला हात आवरायला सांगून रक्तातले सोडियम तपासायला पाठवले जाते. बधिरपणाची पातळी बेंबीच्या वर फार चढू न देण्यामागेही हाच विचार असतो, कारण मूत्राशयाला भोक पडून पाणी पोटात गेले, तर जाग्या रुग्णाला खांद्यात कळ येते आणि ती सूचना हुकणे महागात पडते. दुपदरी विजेच्या नव्या यंत्रांत साधे सलाईन चालत असल्यामुळे सोडियम उतरण्याचा धोका जवळपास गेला आहे. पाणी जास्त शोषले जाऊन अशक्त हृदयावर भार पडण्याचा धोका गेलेला नाही.

ग्रंथी संपूर्ण काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास भूलतज्ज्ञाच्या बाजूने पाहिला, तर तो एक धोका जाऊन दुसरा येण्याचा इतिहास आहे. अमेरिकेत ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९०४ मध्ये ती पायांच्या मधल्या मार्गाने केली. टेरेन्स मिलिन यांनी १९४५ मध्ये ओटीपोटातून ग्रंथीपर्यंत जाण्याचा मार्ग रूढ केला. आणि पॅट्रिक वॉल्श यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रंथीपुढच्या नीलांच्या जाळ्याला आवर घालण्याची आणि लैंगिक क्षमतेचे चेतातंतू वाचवण्याची रीत दाखवली. तोवर या शस्त्रक्रियेत रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून भूलतज्ज्ञ रक्तस्रावाशी झुंजत असे, आणि कमरेतील भुलीने रक्तदाब बेताने उतरवला, तर रक्त कमी जाते, हा तिचा मोठा गुण मानला जाई. यंत्रमानवाने रक्तस्राव बराच घटवला, आणि टाटा रुग्णालयासह मुंबईतील अनेक मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया आता त्याच मार्गाने होते. पण याच यंत्रमानवाने अर्ध्या भुलीला जवळपास हद्दपार केले.

त्याचे कारण निजवण्याच्या पद्धतीत आहे. आतडी छातीकडे सरकून ओटीपोट मोकळे व्हावे म्हणून टेबल डोक्याकडे २५ ते ४५ अंशांपर्यंत खाली झुकवले जाते, आणि पोट फुगवण्यासाठी १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला जातो. पोटातला वायू आणि आतड्यांचे वजन या दोहोंनी श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांचा तळ दबतो, श्वासयंत्राला हवा आत लोटण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो, आणि पोटातून रक्तात शिरणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्यासाठी श्वासाचा वेगही वाढवावा लागतो. जागा माणूस हे तीन-चार तास सोसू शकत नाही. गिरणीची धूळ खाल्लेल्या फुप्फुसांचा प्रश्न उभा राहतो तो इथे, तासून काढण्याच्या शस्त्रक्रियेत नव्हे. छाती वर सरकते, तेव्हा श्वासनलिकेतली नळी एकाच फुप्फुसाच्या फांदीत शिरू शकते, म्हणून टेबल झुकवल्यावर दोन्ही बाजूंची हवा पुन्हा तपासली जाते. डोक्याकडे रक्त साचून डोळ्यातला दाब वाढतो; काचबिंदू असलेल्या रुग्णात ही गोष्ट आधीच नेत्रतज्ज्ञाच्या कानावर घालावी लागते. पापण्या चिकटपट्टीने बंद केल्या जातात. दोन्ही हात अंगालगत गुंडाळून यंत्राखाली गेले, की ते पुन्हा हाती लागत नाहीत, त्यामुळे सलाईनच्या सुया आणि लांब नळ्या आधीच लावून घ्याव्या लागतात. यंत्राचे बाहू पोटात अडकलेले असताना रुग्ण सूतभरही हलला, तर आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल मनगटाच्या चेतातंतूला बारीक झटके देऊन सतत मोजला जातो. आणि हृदय थांबण्याचा प्रसंग आलाच, तर छातीवर दाब देण्याआधी यंत्र सोडवण्याची तालीम पथकाने केलेली असावी लागते.

सलाईनही हात राखून दिले जाते. मूत्राशय उघडलेले असताना लघवी शस्त्रक्रियेच्या जागीच सांडते, शल्यचिकित्सकाला दिसत नाही, आणि शिवाय तिचे माप घेता येत नसल्याने मूत्रपिंडांच्या कामाचा रोजचा अंदाजही हातून जातो; मूत्राशय आणि मूत्रमार्ग एकमेकांना शिवून झाल्यावरच द्रव मोकळेपणाने सोडले जातात. शेवटी रुग्णाचे डोळे पाहिले जातात. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग सुजून फुगला असेल, तर तशीच सूज घशातही असणार हे ओळखून नळी लगेच न काढता डोके उंच करून वाट पाहिली जाते.

किरणोपचारांना यातले बहुतेक काही लागत नाही. टाटा रुग्णालयातील २२४ रुग्णांच्या ज्या चाचणीने जास्त धोक्याच्या रोगात ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही किरण देण्याचा फायदा २०२१ मध्ये दाखवला, तिच्यातील किरणोपचार रुग्ण जागे आणि आरामात पडलेले असताना दिले गेले. हृदय किंवा फुप्फुस फार अशक्त असलेल्या माणसाच्या बाबतीत उपचारांची निवड यावरूनही होते. ग्रंथीत सुया घालून इरिडियमचा किरणस्रोत फिरवण्याची किंवा किरणोत्सर्गी आयोडीनचे कण कायमचे पेरण्याची पद्धत असेल, तेव्हा मात्र कमरेतले इंजेक्शन किंवा पूर्ण भूल लागते.

भूलतज्ज्ञांमध्ये गेली पंधरा-वीस वर्षे वादाचा असलेला विषय वेगळाच आहे: भुलीच्या निवडीचा कर्करोग परत येण्याशी संबंध आहे का? २००८ मध्ये डब्लिनच्या एका गटाने ग्रंथी काढलेल्या २२५ पुरुषांच्या जुन्या नोंदी तपासून सांगितले, की पाठीतल्या नळीतून वेदनाशमन मिळालेल्यांत पीएसए पुन्हा वाढण्याचे प्रमाण मॉर्फिनसारखी औषधे मिळालेल्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होते. आकडा मोहक होता. पण जुन्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष आणि चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी यांत फार अंतर असते, आणि २०१० मध्ये कॅनडातील ९९ रुग्णांच्या तशा चाचणीत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही भुलीच्या प्रकाराने रोग परतण्यात फरक पडला नाही.

परळहून आलेले उत्तर या वादाला वळसा घालून गेले. टाटा रुग्णालयाचे राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर केलेल्या चाचणीत भूल कोणती, हा प्रश्नच ठेवला नाही. निम्म्या स्त्रियांमध्ये स्तनातील गाठ कापण्याआधी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती अर्धा टक्का लिग्नोकेन टोचले, एवढाच फरक केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण लिग्नोकेन न दिलेल्या गटात ८२.६ टक्के आणि दिलेल्या गटात ८६.६ टक्के होते, तर हयात असलेल्यांचे अनुक्रमे ८६.४ आणि ९०.१ टक्के. पेशींच्या आवरणावरची सोडियमची दारे हे औषध बंद करते, आणि त्यामुळे चाकूच्या धक्क्याने सैरभैर होऊन पसरू पाहणाऱ्या कर्कपेशींची हालचाल रोखली जात असावी, असा त्यामागचा तर्क आहे.

हा निष्कर्ष प्रोस्टेटला लावण्याची घाई करण्याजोगी स्थिती नाही. स्तनातली गाठ हाताला लागते आणि तिच्याभोवती सुई फिरवता येते. प्रोस्टेटमध्ये रोग बहुधा एका ठिकाणी नसतो, ग्रंथी खोल असते आणि तिला खेटूनच जपायचे चेतातंतू जातात. तरीही बायोप्सीच्या वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून तिच्याभोवती लिग्नोकेन टोचले जातेच, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य म्हणता येणार नाही, आणि तशी चाचणी करण्याइतके रुग्ण एकट्या परळच्या परिसरातही आहेत. तूर्त भूलतज्ज्ञ प्रोस्टेटच्या रुग्णासाठी पूर्ण भूल निवडतो की अर्धी, याचा निर्णय रोग परतण्याच्या भीतीवरून होत नाही. तो कण्याच्या एमआरआयवरून, क्लोपिडोग्रेलच्या शेवटच्या गोळीच्या तारखेवरून, टेबल किती झुकणार यावरून आणि रुग्ण किती जिने चढतो यावरून होतो.